‘ग्रिडवर टाकलाय’ म्हणजे बरोबर बसलाय, असं नाही

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात आणि आसपासच्या गावांत राइस मिलची किंवा धानाच्या गोदामाची नवी शेड उभी करायची ठरली, की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘कॉलम ग्रिडवर टाकलेत, म्हणजे बरोबरच असणार.’ ड्राफ्टिंग शिकणारी मुलं ते म्हणतात, फॅब्रिकेटर म्हणतो आणि त्यांच्या भरवशावर मिलमालकही म्हणतो. हे वाक्य चूक आहे. ती चूक स्क्रीनवर दिसत नाही, क्रेन येऊन उभी राहिल्यावर दिसते. म्हणून तिचा नीट समाचार घेणं भाग आहे.

गैरसमज : ग्रिडच्या छेदबिंदूवर कॉलम बसला की त्याचं काम झालं.

वस्तुस्थिती : ग्रिड हा कॉलमचा फक्त पत्ता आहे. तो कोणत्या दिशेला तोंड करून उभा आहे, त्याची कोणती बाजू रेषेवर आहे, तळ कोणत्या उंचीवर आहे आणि त्याला भार पेलतो का, यातलं काहीही पत्त्यावरून कळत नाही.

एक साधी शेड घेऊ. रुंदी २४ मीटर, लांबी ३६ मीटर. लांबीत दर ६ मीटरवर १ ते ७ अशा रेषा, रुंदीत दर ६ मीटरवर ए ते ई अशा रेषा. रेव्हिट या मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘अॅट ग्रिड्स’ ही आज्ञा देऊन सगळ्या रेषा निवडल्या, की एका क्षणात ३५ कॉलम उभे राहतात. प्रत्यक्षात हवेत २०. दोन्ही लांब भिंतींवर ७-७ आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी माथ्याच्या भिंतींत, म्हणजे गेबलमध्ये, ३-३. उरलेले १५ नेमके तिथे, जिथे पोत्यांच्या थप्प्या लागायच्या आणि ट्रक फिरायचे. हे १५ कुणाच्याही नजरेत भरतात, म्हणून ते खोडले जातात.

नजरेतून सुटतात ते गेबलचे ६. आज्ञा एकच, म्हणून सगळे कॉलम एकाच दिशेला तोंड करून येतात. लांब भिंतीवरच्या आय आकाराच्या कॉलमचा वेब, म्हणजे मधली पट्टी, शेडच्या रुंदीच्या दिशेत हवा, कारण राफ्टरसह मुख्य फ्रेम त्याच दिशेत काम करते. गेबलच्या कॉलमवर मात्र वारा लांबीच्या दिशेने आदळतो, म्हणून तिथे वेब ९० अंशांत फिरलेला हवा. स्पेसबार दाबून कॉलम फिरवता येतो. पण फिरवायचा आहे हे माणसाला कळावं लागतं, सॉफ्टवेअर ते सुचवत नाही.

‘थोडं वळलं तर काय बिघडतं?’ असं विचारणाऱ्यांनी सेक्शनचा तक्ता उघडावा. आयएसएमबी ३०० या नेहमीच्या आय सेक्शनचा मोमेंट ऑफ इनर्शिया मजबूत अक्षाभोवती जेवढा असतो, त्याच्या सुमारे एकोणिसावा हिस्साच कमकुवत अक्षाभोवती असतो. लोखंड तेच, वजन तेच, बिलही तेच. पण वाऱ्यापुढची ताठरता १९ पटींनी घटते. आणि वारा काही किरकोळ नाही. आयएस ८७५ भाग ३ या भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी जवळपास १५८ किलोमीटर.

दिशा बरोबर असली तरी प्रश्न संपत नाही. आयएस ८०० : २००७ नुसार कायम आणि चल भाराचा दाब घेणाऱ्या कॉलमचं स्लेंडरनेस गुणोत्तर, म्हणजे प्रभावी लांबी भागिले गायरेशन त्रिज्या, १८० च्या वर जाऊ देता येत नाही. आयएसएमबी ३०० च्या कमकुवत बाजूची गायरेशन त्रिज्या सुमारे २८ मिलिमीटर. गुणाकार करा: मध्ये आधार नसेल तर प्रभावी लांबी ५ मीटरच्या आसपासच संपते. शेड त्याहून उंच असेल, तर त्या दिशेत ब्रेसिंग आणि स्ट्रट द्यावेच लागतात. ते नसतील तरीही मॉडेलमधला कॉलम तितकाच देखणा दिसतो.

आता रेषेवर कोणती बाजू, ते पाहू. फॅब्रिकेटर बऱ्याचदा २४ मीटर ‘आउट टू आउट’ मोजतो, म्हणजे दोन्ही कॉलमच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर. फाउंडेशनचा ठेकेदार तेच २४ मीटर ‘सेंटर टू सेंटर’ धरतो. ३०० मिलिमीटर खोलीच्या कॉलमला दोन्ही बाजूंना १५०-१५० मिलिमीटरचा फरक पडतो. ड्रॉइंगमध्ये दोघांचेही कॉलम ‘ग्रिडवर’च असतात. पण काँक्रीटमध्ये गाडलेले अँकर बोल्ट सरकवता येत नाहीत.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘थ्रीडी मॉडेल झालं म्हणजे डिझाइन झालं.’ नाही. मॉडेल मापं आणि जोडणी दाखवतं, भाराचा हिशेब वेगळा करावा लागतो. आणि तो संगणकावर केला तरी त्यात धरलेली गृहीतं माणसाने तपासावी लागतात. अमेरिकेत हार्टफर्ड शहरातल्या क्रीडागृहाचं छत संगणकाने केलेल्या हिशेबावर उभं होतं. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे ते बर्फाच्या भाराखाली कोसळलं. वरच्या थरातल्या दाब घेणाऱ्या भागांना हिशेबात धरलेला आधार प्रत्यक्षात मिळतच नव्हता. काही तासांपूर्वी तिथे हजारो प्रेक्षक सामना बघत बसले होते.

‘कॉलम टाकला, पण प्लॅनमध्ये दिसत नाही, सॉफ्टवेअर बिघडलं.’ रेव्हिट स्ट्रक्चरल कॉलम मुळात ‘डेप्थ’ने, म्हणजे लेव्हलच्या खाली टाकतं. पर्याय ‘हाइट’ करा.

‘ग्रिड हलवली की सगळं हलतं.’ रेव्हिटमध्ये कॉलमची तशी सोय चालू असेल तर कॉलम हलतो. ऑटोकॅडमध्ये नुसत्या रेषा असतील तर हलत नाही. आणि साइटवर गेलेला कागद कधीच हलत नाही.

‘कॉलमचा तळ म्हणजे फ्लोअर लेव्हल.’ नाही. खाली बेस प्लेट, तिच्याखाली ग्राउट, त्याखाली पेडेस्टल. प्रत्येकाची जाडी आणि लेव्हल धरावी लागते.

‘ग्रिडचं अंतर सगळीकडे सारखंच हवं.’ मोठ्या शटरला किंवा मशीनला लागेल तसं ते बदलता येतं. हिशेब मात्र त्याप्रमाणे करावा लागतो.

‘स्क्रीनवर अचूक, म्हणजे साइटवरही अचूक.’ उभारणीत किती फरक चालतो यासाठी आयएस १२८४३ हे स्वतंत्र मानक आहे, ते उगाच नाही.

मिलमालकांना आणि नव्याने या कामात आलेल्या मुलामुलींना एकच कळकळीची विनंती. फाउंडेशनचा खड्डा खणण्याआधी ड्रॉइंगवर प्रत्येक कॉलमपाशी चार गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते पाहा: सेक्शन, वेबची दिशा, ग्रिडवर असलेली बाजू आणि बेस प्लेटच्या तळाची लेव्हल. शिवाय स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही. यातलं एक जरी नसेल, तर काँक्रीट ओतू देऊ नका.