स्लीपिंग बॅग निवडताना : ऊब नेमकी येते कुठून?



खर्डा म्हटलं की लोकांना १७९५ ची लढाई आणि निंबाळकरांचा भुईकोट किल्ला आठवतो. आमच्या मुलांनी हा किल्ला लहानपणापासून पाहिलेला असतो, पण तो सपाटीवरचा. डोंगर चढून जाणं, रात्री बाहेर मुक्काम करणं हा अनुभव बऱ्याच जणांच्या वाट्याला आलेला नसतो. म्हणून आम्ही सातवी-आठवीच्या मुलांना डिसेंबरात कळसूबाईला न्यायचं ठरवलं. शिखर आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, १६४६ मीटर उंच. पायथ्याच्या बारी गावात एक रात्र मुक्काम आणि पहाटे चढाई, असा बेत होता.

सूचनापत्रक मीच तयार केलं. सोबत आणायच्या वस्तूंच्या यादीत मी लिहिलं, "स्लीपिंग बॅग आवश्यक". इंटरनेटवरच्या एका यादीतून ते उतरवून घेतलं होतं, फार विचार केला नव्हता.

दोन दिवसांनी पाहिलं, तर वर्गातल्या एका हुशार मुलाचं नाव यादीत नव्हतं. त्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, तो आजीजवळ राहायचा. विचारलं तर म्हणाला, "सर, ती बॅग नाही आमच्याकडं. म्हणून नाव दिलं नाही." मी विचारलं, "सुट्टीत तू फडावर जातोस तेव्हा थंडीत झोपतोस कसा?" तो सहज म्हणाला, "खाली पाचट टाकायचं जाड. त्याच्यावर बारदान. मग वाकळ. खालून गार लागलं नाही की झालं."

खरं सांगतो, स्लीपिंग बॅगबद्दल जे पहिलं शिकायचं असतं, ते या मुलाला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. मी यादीतली ती ओळ खोडली आणि मग हा विषय नीट समजून घेतला. जे समजलं ते आज तुमच्यासमोर मांडतो. आपल्या शाळांतून सहली, स्काउट-गाइडचे मेळावे, साहस शिबिरं होत असतात. दरवेळी पालक विचारतात, "कोणती बॅग घ्यायची?" त्याआधी आपण सगळ्यांनी विचारायला हवं, "घ्यायलाच हवी का?"

बॅग उष्णता देत नाही

सातवीच्या सामान्य विज्ञानात आपण वहन, अभिसरण आणि प्रारण शिकवतो. स्लीपिंग बॅग म्हणजे त्याच धड्याचं प्रात्यक्षिक आहे.

झोपलेल्या मोठ्या माणसाच्या शरीरातून साधारण ७०-८० वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. जुन्या पिवळ्या बल्बएवढी म्हणा ना. रात्रभर जळणारी ही एकच शेगडी असते, ती म्हणजे आपलं शरीर. बॅग, गोधडी, वाकळ, घोंगडी यांपैकी कुणीही स्वतःहून ऊब तयार करत नाही. ही ऊब बाहेर जाण्याचा वेग कमी करणं, एवढंच त्यांचं काम.

ते काम कापड करत नाही, कापसाच्या, लोकरीच्या किंवा पिसांच्या धाग्यांमध्ये अडकलेली हवा करते. स्थिर हवा उष्णतेची फार मोठी दुर्वाहक आहे. म्हणून फुगलेली नवी गोधडी उबदार लागते आणि वर्षानुवर्षं वापरून चपटी झालेली गोधडी तेवढीच जड असूनही गार लागते.

यातून तीन गोष्टी आपोआप कळतात.

पहिली, अंगाखाली दबलेला भाग निकामी होतो. आपल्या वजनानं तिथली हवा निघून जाते आणि जमीन अंगातली उष्णता वहनानं ओढून घेते. महागातली बॅग आणली आणि ती थेट फरशीवर टाकली तर पाठ गारठणारच. पाचट टाकणाऱ्या मुलानं हेच सांगितलं होतं.

दुसरी, ओल हा मोठा शत्रू. पाणी हवेपेक्षा सुमारे २४ पट जास्त उष्णता वाहून नेतं. हवेच्या जागी घाम, दव किंवा पावसाचं पाणी शिरलं की अंथरुणाची ऊब गेली.

तिसरी, बॅग अंगाच्या मापाची हवी. फार मोठी असेल तर आतली मोकळी हवा तापवण्यातच शरीर दमतं. फार घट्ट असेल तर आतला भराव दबतो आणि तिथं गार लागतं.

दुकानात गेल्यावर आकडे कसे वाचायचे?

बॅगेवर एक तापमान ठळक छापलेलं असतं आणि तिथंच बहुतेक पालक फसतात. चांगल्या बॅगांची चाचणी ठरलेल्या पद्धतीनं होते. युरोपात त्यासाठी २००२ साली ईएन १३५३७ हे मानक आलं, पुढं २०१६ मध्ये आयएसओ २३५३७ आलं. उष्णता देणाऱ्या एका पुतळ्याला बॅगेत झोपवून मोजमाप करतात आणि त्यावरून वेगवेगळी तापमानं ठरवतात.

*आरामाचं तापमान*, म्हणजे कम्फर्ट. एवढ्या थंडीत सर्वसाधारण स्त्री मोकळेपणानं झोपू शकते.

*मर्यादेचं तापमान*, म्हणजे लिमिट. एवढ्या थंडीत सर्वसाधारण पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढू शकतो.

*टोकाचं तापमान*, म्हणजे एक्स्ट्रीम. इथं झोपेचा प्रश्नच नाही, जीव वाचण्याची गोष्ट आहे. त्यातही हिमदंशाचा धोका असतोच.

समजा एका बॅगेवर आराम १० अंश, मर्यादा ५ अंश आणि टोक उणे ८ अंश असं लिहिलंय. दुकानदार म्हणेल, "ही उणे आठची बॅग आहे." आपण मात्र तिला दहा अंशांची बॅग समजायचं. नेहमी आरामाचाच आकडा बघायचा. तिन्हींपैकी कोणता आकडा आहे हे न लिहिता नुसतं एकच तापमान छापलेलं असेल, तर त्यावर विसंबू नये.

शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखी आणखी एक गोष्ट. हे आकडे प्रौढ माणसांसाठी असतात. लहान शरीर लवकर गार पडतं, त्यामुळे मुलांना ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. मुक्कामाच्या ठिकाणी रात्री जेवढं कमीत कमी तापमान असेल, त्याहून चार-पाच अंश खालचा आरामाचा आकडा मुलांसाठी धरावा, असं मी करतो.

आपल्याकडं थंडी किती असते?

अहिल्यानगर जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. उंची वाढली की दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान कमी होतं. हे सरासरी गणित आहे. स्वच्छ, वारा नसलेल्या रात्री थंड हवा खाली उतरून दरीत साचते, म्हणून पायथ्याचं गाव कधीकधी वरच्या उतारापेक्षाही गार असतं. वर वारा असतो, खाली दव. दोन्हींची तयारी हवी.

तरीही ही हिमालयाची थंडी नव्हे. सह्याद्रीतल्या बहुतेक मुक्कामांना पाच ते दहा अंश आरामाची साधी बॅग पुरते. हिमालयासाठी बनवलेली जाड बॅग इकडे वापरली तर मुलं मध्यरात्री घामाघूम होतात आणि पहाटे त्याच घामानं गारठतात. जास्त जाड म्हणजे जास्त चांगली असं नसतं.

पिसांची की कृत्रिम धाग्यांची?

बदक किंवा हंसाच्या मऊ पिसांची बॅग सर्वांत हलकी असते आणि दाबली की छोटीशी होते. तिच्यावर ५५०, ६५०, ८०० असे आकडे असतात. एक औंस पिसं किती घन इंच जागा व्यापतात, त्याचं ते माप. आकडा मोठा तेवढी पिसं जास्त फुलतात, म्हणजे जास्त हवा धरतात. पण ही बॅग महाग असते आणि भिजली की पिसांचा गोळा होतो, ऊब संपते.

कृत्रिम धाग्यांची बॅग थोडी जड आणि मोठी असते, पण स्वस्त असते, ओली झाली तरी थोडीफार ऊब देते आणि धुवायला सोपी असते. शाळेतल्या मुलांसाठी माझं मत सरळ हिच्या बाजूनं आहे. मुलं पाणी सांडणारच.

आकाराचं म्हणाल तर डोक्यापासून पायाकडं निमुळती होत जाणारी, टोपीवाली बॅग कडक थंडीसाठी चांगली. आपल्याकडं चौकोनी बॅग चालते. पूर्ण चेन उघडली की तिचं पांघरूण होतं, घरीही वापरता येतं. मुलासाठी मोठ्या मापाची घेतली असेल तर पायाकडचा रिकामा भाग दुमडून दोरीनं बांधावा.

मग गोधडी कधी, बॅग कधी?

माझ्या मते याचं उत्तर एका प्रश्नात आहे : अंथरूण कोण वाहणार?

सामान एसटीनं किंवा टेम्पोनं मुक्कामापर्यंत जाणार असेल, तर घरची गोधडी उत्तम. खाली ताडपत्री, त्यावर पाचट, कडबा किंवा सतरंजीच्या दोन-तीन घड्या, मग गोधडी आणि वरून दुसरी गोधडी किंवा घोंगडी. धनगरी घोंगडीची लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के बाष्प शोषूनही ओली लागत नाही. दवाच्या रात्री हे फार उपयोगी पडतं.

मात्र अंथरूण पाठीवर घेऊन दिवसभर चालायचं असेल, तर बॅगेला पर्याय नाही. शाळेच्या दप्तरासाठी मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा आपल्याला माहीत आहे. ३५ किलोच्या मुलाला ती साडेतीन किलो होते. त्यात दोन-तीन किलोची गोधडी बसवली तर पाणी आणि डबा कुठं ठेवणार? इथं एक-सव्वा किलोची स्लीपिंग बॅग आणि खाली फोमची हलकी चटई हवी. पैसे कमी असतील तर आधी चटई घ्या. वर्षातून एखादाच ट्रेक असेल तर बॅग भाड्यानं मिळते का ते पाहा. हिमालयातल्या शिबिराला मूल जाणार असेल, तर तळावर काय मिळतं ते आयोजकांना आधी विचारा, मगच खरेदी करा.

वर्गात करून पाहा

झाकणाच्या चार सारख्या बाटल्या घ्या. चारहीत सारखंच, सोसवेल इतपत गरम पाणी भरा. पहिली उघड्यावर ठेवा. दुसरी गोधडीच्या कोरड्या तुकड्यात सैल गुंडाळा. तिसरी तशाच तुकड्यात गुंडाळून दोरीनं करकचून आवळा. चौथीचा तुकडा भिजवून पिळून गुंडाळा. दर दहा मिनिटांनी तापमान लिहून आलेख काढायला लावा. आधी मुलांना अंदाज विचारा. कापड असूनही ओल्या तुकड्यातली बाटली सर्वांत मागं का पडते, यावर वर्गात चांगली चर्चा होते.

रात्रीचे काही नियम

- झोपताना चालून घामेजलेले कपडे बदलावेत. कोरडे मोजे आणि कानटोपी घालावी.
- पोटभर जेवावं. शेगडीला सरपण लागतंच.
- तोंड बॅगेच्या आत घेऊन झोपू नये. श्वासाची वाफ आत साचते आणि बॅग ओलसर होते.
- तंबूत किंवा बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो. शिक्षकांनी हे स्वतः तपासावं.
- घरी आल्यावर बॅग उन्हात वाळवावी आणि कपाटात सैल ठेवावी. महिनोन्‌महिने आवळून ठेवली तर तिचा फुगीरपणा कायमचा जातो.

शेवटी बारीतल्या रात्रीबद्दल. नवं सूचनापत्रक काढलं. त्यात लिहिलं, "एक अंथरायला, एक पांघरायला, घरात जे असेल ते." टेम्पोतून ताडपत्र्या नेल्या, गावातून वाळलेलं गवत मिळालं. ते किती जाड पसरायचं, हे त्या मुलानंच सगळ्यांना दाखवलं. ज्या तीन-चार जणांकडं स्लीपिंग बॅगा होत्या, त्यांनीही आपल्या बॅगा गवतावरच टाकल्या. पहाटे साडेचारला उठवायला गेलो, तर सगळे गाढ झोपलेले. थंडीनं जागा होतो तो मी एकटा, कारण मुलांना अंथरून देण्याच्या नादात माझ्या स्वतःच्या बॅगेखाली गवत टाकायचं राहून गेलं होतं.

आपल्या यादीतल्या एका शब्दामुळं एखादं मूल घरी राहू शकतं. पुढच्या सहलीची यादी करताना "आवश्यक" हा शब्द लिहिण्याआधी एकदा थांबूया.