मालेगाव कोणते?

आमच्या वाशीम जिल्ह्यात मालेगाव नावाचे तालुक्याचे गाव आहे. नाशिक जिल्ह्यातही एक मालेगाव आहे. यंत्रमागांमुळे ते साऱ्या देशाला ठाऊक आहे. दोहोंमध्ये सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर. आमच्या एका विद्यार्थ्याने मागविलेली पुस्तके एकदा नाशिककडच्या मालेगावी गेली आणि तेथे आठवडाभर विश्रांती घेऊन परत आली. पुस्तकांना उशीर झाला म्हणून फारसे बिघडले नाही. पण समजा, पोलिसांच्या हाती एक निरोप लागला आणि त्यात एवढेच आहे : 'माणूस मालेगावहून निघाला.' आता कोणत्या बसस्थानकावर पहारा ठेवायचा? नाशिकच्या मालेगावात २००६ आणि २००८ साली बॉम्बस्फोट झाले, माणसे मेली. तेव्हा हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

निरोपाच्या पुढच्या वाक्यात 'शेलूबाजारला चहा घेतला' असे असते, तर आमच्याकडचा कोणीही माणूस क्षणात सांगेल की हे मालेगाव आपलेच. शेलूबाजार कोठे आहे, तेथून कोणते रस्ते जातात, हे त्याच्या डोक्यात असते. संगणकाच्या डोक्यात ते नसते. त्याच्यापुढे 'मालेगाव' ही चार अक्षरे असतात, बस्स. ही जाण त्याला द्यायची कशी, हा आजच्या लेखाचा विषय.

आणखी एक उदाहरण घेऊ. आमच्या जिल्ह्यात कारंजा आहे, वर्धा जिल्ह्यात दुसरे कारंजा आहे आणि मुंबईजवळ उरणला करंजा नावाचे मासेमारीचे बंदर आहे. मराठीत निदान एका कान्याचा फरक आहे. इंग्रजी लिपीत तिन्ही नावे सारखीच दिसतात. आता निरोप आला : 'कारंजाला नौका लागली.' तुम्ही लगेच म्हणाल, वाशीमला समुद्र कोठून आला? हा तर्क तुम्ही नकळत केलात. पण त्यात तीन पायऱ्या आहेत. नौका किनाऱ्याला लागते. बंदर किनाऱ्यावर असते. वाशीम जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. ही तीन विधाने संगणकाला नेमक्या भाषेत लिहून दिली, तर तोही आमचे कारंजा आपणहून वगळील.

जगात कोणकोणत्या प्रकारच्या गोष्टी आहेत आणि त्यांचे परस्परांशी कोणते संबंध असू शकतात, याची अशी नेमकी, संगणकाला वापरता येईल अशी मांडणी करतात, तिला 'ऑन्टॉलॉजी' म्हणतात. शब्द तत्त्वज्ञानातला आहे, पण विचार आपल्याला परका नाही. कणादाच्या वैशेषिक दर्शनात द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय असे सहा पदार्थ सांगितले आहेत. पुढे अभाव हा सातवा आला. तेथे 'पदार्थ' म्हणजे ज्याला शब्दाने निर्देशता येते ते. माझ्या विषयाला आपण पदार्थविज्ञान म्हणतो, त्यामुळे या शब्दावर माझा थोडा हक्क आहे असे मी मानतो!

भौतिकीत तुम्ही मितींची तपासणी करता. लांबीत काळ मिळविता येत नाही. समीकरणाच्या दोन बाजूंच्या मिती जुळल्या नाहीत, तर आकडे न पाहताही चूक पकडता येते. ऑन्टॉलॉजी हेच काम शब्दांसाठी करते. 'नौका' ही वस्तू, 'सफर' ही घटना, 'बंदर' हे स्थळ. कोणी 'बंदराने नौकेतून उडी मारली' असे नोंदले, तर संगणक ते वाक्य अडवितो, कारण उडी मारणारा सजीव असावा लागतो.

नोंदी करण्याची पद्धत साधी आहे. प्रत्येक विधान तीन तुकड्यांत लिहितात : 'कुबेर – प्रकार – मासेमारी नौका'. 'मासेमारी नौका – उपप्रकार – नौका'. 'नौका – उपप्रकार – वाहन'. एका खात्याने 'ट्रॉलर' लिहिले, दुसऱ्याने 'मच्छीमार बोट', तिसऱ्याने नुसतेच 'कुबेर', तरी 'या महिन्यात समुद्रावर कोणती वाहने संशयास्पद आढळली?' असे विचारल्यावर तिन्ही नोंदी एकत्र बाहेर येतात.

कुबेर हे नाव मी उगाच घेतले नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत शिरलेले दहा हल्लेखोर याच नावाची नौका समुद्रात बळकावून आले होते. नंतर राज्य सरकारने नेमलेल्या प्रधान समितीने आधीच्या गुप्तवार्तांचाही विचार केला. समुद्रमार्गे हल्ला, एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ला, अशा सूचना वेगवेगळ्या वेळी येऊन गेल्या होत्या. त्यांचा एकत्र विचार झाला नव्हता. निरनिराळ्या खात्यांची माहिती जोडणाऱ्या 'नॅटग्रिड'ची कल्पना त्या हल्ल्यानंतर पुढे आली.

पण तारा जोडल्या म्हणजे अर्थ जुळतोच असे नाही. त्याच हल्ल्यापूर्वी मुंबईची टेहळणी करून गेलेल्या डेव्हिड हेडलीचे मूळ नाव दाऊद गिलानी. २००६ साली त्याने नाव बदलले आणि नव्या नावाच्या पारपत्रावर तो भारतात येत राहिला. दुसरी गोष्ट २००९ ची. उमर फारूक अब्दुलमुतल्लब या नायजेरियन तरुणाच्या वडिलांनी स्वतः अमेरिकन दूतावासात जाऊन मुलाविषयी भीती व्यक्त केली होती. तेथून जी तार गेली तिच्यात नावाचे स्पेलिंग चुकले. त्यामुळे शोध घेतला तेव्हा त्याच्याजवळ अमेरिकेचा व्हिसा आहे हे दिसलेच नाही. नाताळच्या दिवशी तो कपड्यांत स्फोटक दडवून विमानात बसला. सुदैवाने स्फोट झाला नाही.

दोन्हीकडे गोम एकच आहे. नावालाच माणूस मानले गेले. चांगल्या ऑन्टॉलॉजीत माणूस ही एक वस्तू आणि नाव ही दुसरी. दोहोंमधला संबंध अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचा. नाव बदलले, स्पेलिंग चुकले, तरी त्यामागचा माणूस एकच राहतो, आणि त्याच्या जन्मतारखेवरून किंवा पारपत्रावरून तो पुन्हा सापडू शकतो.

मात्र प्रत्येक खात्याने आपापली ऑन्टॉलॉजी केली, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! म्हणून सर्वांना समान असा वरचा सांगाडा लागतो. असा एक सांगाडा अमेरिकेतील तत्त्वज्ञ बॅरी स्मिथ यांनी सहकाऱ्यांसह उभारला. त्यात जेमतेम छत्तीस प्रकार आहेत आणि पहिली विभागणी मोठी सुंदर आहे. क्रिकेटचा चेंडू घ्या. तो कोणत्याही क्षणी पूर्ण असतो. सामना तसा नसतो. दहाव्या षटकाअखेर त्याचा एक भागच घडलेला असतो. टिकणाऱ्या वस्तू आणि घडणाऱ्या घटना, ही ती विभागणी. जीवशास्त्रातील माहितीसाठी प्रथम वापरात आलेला हा सांगाडा २०२१ साली आंतरराष्ट्रीय मानक झाला आणि २०२४ साली अमेरिकेच्या संरक्षण व गुप्तवार्ता विभागांनी पायाभूत म्हणून स्वीकारला. सैन्याच्या कामी तत्त्वज्ञ यावा, याची मला अजूनही गंमत वाटते.

आता एक सावधगिरी. 'अमक्याने शस्त्रे नेली' आणि 'अमक्याने शस्त्रे नेली असे तमका म्हणाला' ही दोन विधाने अगदी वेगळी आहेत. पहिली घटना, दुसरी वार्ता. वार्तेलाही स्वतःचा उगम आणि वेळ असते, आणि ती खोटी असू शकते. हा भेद पुसला गेला की बाजारातली वावडी संगणकात जाऊन पुरावा होऊन बसते. तसेच एका मालेगावच्या माणसाची नोंद दुसऱ्या मालेगावच्या त्याच नावाच्या माणसाला चिकटली, तर एक निरपराध गृहस्थ चौकीत बसतो आणि हवा असलेला माणूस बसमध्ये. संगणकाने 'हे दोघे एकच असावेत' एवढेच म्हणावे. 'एकच आहेत' हे म्हणण्यासाठी कागद पाहणारा माणूस हवा, असे माझे मत आहे.

जाता जाता एक उदाहरण सोडवायला देतो. वाकाटकांच्या काळी आमच्या गावाचे नाव वत्सगुल्म होते. इंग्रजी अमदानीत 'बासीम' नावाचा जिल्हा होता. त्यात बासीम, मंगरूळ आणि पुसद असे तीन तालुके होते. १९०५ साली तो मोडला, पुसद यवतमाळकडे गेले आणि उरलेले अकोल्याकडे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा निघाला; त्यात सहा तालुके आहेत आणि पुसद नाही. आता वहीत तीन-तीन तुकड्यांची विधाने लिहून ठरवा : गावे किती, नावे किती आणि जिल्हे किती? बासीम जिल्हा आणि वाशीम जिल्हा ही एकच वस्तू मानली, तर पुसदच्या १९०१ सालच्या नोंदीचे तुम्ही काय कराल?