घरभाडे आणि आयकर : खोली आपली, हिशेबही आपलाच

आपल्या श्रीगोंद्यात निवृत्तीच्या पैशातून घराशेजारी दोन-तीन खोल्या बांधून त्या शिक्षक, कामगार किंवा खेड्यांतून शिकायला आलेल्या मुलांना भाड्याने देणारी अनेक कुटुंबे आहेत. भाडे गोळा करणे, नळ दुरुस्त करणे, चुना मारणे ही सारी कामे घरमालक स्वतःच करतो. "एवढ्याशा भाड्याला कसला आयकर?" असा त्याचा समज असतो. तो दूर व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू.

भाडे रोख मिळो वा खात्यात जमा होवो, कायद्याने ते उत्पन्नच आहे. हिशेब मात्र सोपा आहे. समजा, तीन खोल्यांचे प्रत्येकी दरमहा 3,000 रुपये येतात. वर्षाचे 1,08,000 झाले. मालकाने त्या वर्षी नगरपरिषदेला या खोल्यांची 8,000 रुपये घरपट्टी प्रत्यक्ष भरली असेल, तर उरले 1,00,000. यातून सरसकट 30 टक्के, म्हणजे 30,000 वजा होतात. विवरणपत्रात घरमालमत्तेचे उत्पन्न म्हणून 70,000 दाखवायचे. खोल्या कर्ज काढून बांधल्या असतील, तर त्या कर्जाचे व्याजही नियमांप्रमाणे वजा होते.

येथेच पुष्कळांची गफलत होते. रंगरंगोटी, दुरुस्ती किंवा स्वतःची मजुरी यांपैकी काहीही वेगळे वजा होत नाही. ते सर्व त्या 30 टक्क्यांत आले. उलट एक पैसा खर्च झाला नाही तरी 30 टक्के मिळतातच, त्यासाठी पावती लागत नाही. 1961 च्या कायद्यातील ही सवलत 2025 च्या नव्या आयकर कायद्यातही ठेवलेली आहे.

परत करावयाची अनामत रक्कम हे उत्पन्न नव्हे. घर भावाभावांत ठरलेल्या हिश्श्यांचे असेल, तर ज्याने त्याने आपल्या वाट्याचे भाडे दाखवावे. शेतीसाठी दिलेल्या जमिनीचा खंड मात्र शेती उत्पन्नात मोडतो.

बँकेत आम्ही नेहमी पाहतो. मुलाच्या उच्च शिक्षणासाठी कर्ज मागायला पालक येतात. विवरणपत्रे मागितली की गप्प होतात. वर्षानुवर्षे घेतलेले भाडे कागदावर कोठेच नसते. कराच्या भीतीने जे लपविले, ते गरजेच्या वेळी उपयोगी पडत नाही. आणि भीती तरी कशाची? 2025-26 या वर्षासाठी नव्या करपद्धतीत पगार, पेन्शन, भाडे अशा उत्पन्नाची करपात्र बेरीज 12 लाखांपर्यंत असेल तर सूट मिळून कर शून्य होतो. मात्र एकूण उत्पन्न 4 लाखांच्या वर गेले की, कर शून्य असला तरी विवरणपत्र भरावेच लागते.

म्हणून तीन गोष्टी पाळाव्यात. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे ही जबाबदारी मालकाचीच आहे. भाड्याची पावती दरमहा द्यावी आणि शक्यतो भाडे खात्यातच घ्यावे. घरपट्टीच्या पावत्या व कर्जव्याजाचा दाखला एका फाइलीत ठेवावा.

विद्यार्थी मित्रांनो, ही फाइल तुम्हीच तयार करा. वर्षातून एक रविवार पुरतो. उद्या तुमच्याच शिक्षणाच्या कर्जासाठी ती बँकेच्या टेबलावर ठेवावी लागेल.