आजार कोणता, औषध कोणाला?

गेल्या वर्षी सहामाही परीक्षा संपल्यावर एक आई शाळेत आली. नगर जिल्ह्यातल्या आमच्या उर्दू शाळेत पालक येतात ते निकालाच्या दिवशी, नाहीतर शिष्यवृत्तीच्या कागदांसाठी. ही बाई यांपैकी कशासाठीच आली नव्हती. शिक्षकांची खोली रिकामी होईपर्यंत ती व्हरांड्यात बसून राहिली. मग आत येऊन तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. एका दवाखान्याची चिठ्ठी होती. तिच्यावर झोपेच्या गोळ्या लिहिल्या होत्या.

"सर, ये बीमारीच हय ना?" तिने विचारले.

तिचे लेकरू नववीत आहे. शाळेच्या दाखल्यावर मुलगा आहे. पण दोन-तीन वर्षांपासून ते आईला सांगते की, मी आतून मुलगी आहे. अब्बांनी आधी समजावले, मग मारले. चाचांनी दूरच्या गावी वसतिगृहात टाकायचा सल्ला दिला. शेजारणीने असर झाल्याचे सांगितले, म्हणून अकरा जुमेरात पाणी फुंकून आणले, गळ्यात तावीज बांधला. शेवटी दवाखाना झाला. गोळ्यांनी लेकरू वर्गात पेंगू लागले, बाकी काही बदलले नाही.

आईला आमच्याकडून एकच गोष्ट हवी होती. हा मेंदूचा आजार आहे असे कोणीतरी शिकलेल्या माणसाने तिच्या घरच्यांना सांगावे. "बीमारी असली तर लोक दुआ करतील, सर. नसली तर म्हणतील, नखरे आहेत, आईने लाडावले."

आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. याचे कारण सांगायला लाज वाटते, पण सांगायला हवे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्या वर्गात असेच एक लेकरू होते. त्याची चाल नाजूक होती, आवाज बारीक होता. एकदा स्नेहसंमेलनाच्या तालमीत आम्ही त्याला सगळ्यांसमोर उभे केले आणि "मर्दासारखा चालून दाखव" म्हणालो. ते चालले. वर्ग हसला. आम्हीही हसलो. त्यानंतर त्याची गैरहजेरी वाढत गेली आणि दहावीचा फॉर्म भरण्याआधीच त्याने शाळा सोडली. काही वर्षांनी मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत टाळी वाजवत पैसे मागणाऱ्या तिघींपैकी एकीने आम्हाला ओळखले. तिने डोक्यावर पदर घेतला, सलाम केला आणि आमच्यापुढे हात न पसरता पुढच्या डब्यात निघून गेली. आजारी कोण होते, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहे.

डॉक्टरांची पुस्तके काय म्हणतात

या आईचा प्रश्न चुकीचा नव्हता. बरीच वर्षे डॉक्टरांची पुस्तकेही तेच म्हणत होती. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या मानसिक विकारांच्या यादीत याची नोंद केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतही ते मानसिक विकारांच्या प्रकरणात होते.

मग विचार बदलू लागला. २०१३ साली अमेरिकेच्या यादीतून 'लिंगओळखीचा विकार' हे नाव गेले. त्याजागी आलेले नाव फक्त मनाच्या तीव्र घालमेलीसाठी आहे. म्हणजे स्वतःची ओळख वेगळी असणे हा विकार नाही. त्यापायी जीव कासावीस होत असेल, तर त्या यातनेवर मदत करायची. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आवृत्तीला मे २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. त्यात ही नोंद मानसिक विकारांच्या प्रकरणातून पूर्णपणे काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेली आहे. ती पुस्तकातूनच का काढली नाही? कारण या व्यक्तींपैकी अनेकांना डॉक्टरची गरज पडते, आणि पुस्तकात नोंदच नसेल तर दवाखान्याचा दरवाजा बंद होतो.

हा बदल केवळ मतांच्या जोरावर झाला नाही. आजार म्हणायचे तर त्यातून यातना व्हायला हव्यात, रोजचे जगणे अडायला हवे. मग या लोकांच्या यातना नेमक्या कशातून येतात? मेक्सिको शहरात २५० पारलिंगी व्यक्तींच्या मुलाखती घेऊन संशोधकांनी हे तपासले आणि २०१६ साली निष्कर्ष मांडले. यातना आणि जगण्यातली अडचण यांचा संबंध लिंगओळखीपेक्षा नाकारले जाण्याशी आणि मारहाणीशी अधिक जवळचा निघाला. नाकारण्यात घरची माणसेही होती. आमच्या त्या विद्यार्थ्याला हे समजायला संशोधन लागले नसते.

कायदा काय म्हणतो

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी 'नालसा' खटल्यात तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख आणि नागरिकाचे सगळे मूलभूत हक्क आहेत, असा निकाल दिला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याची तिसऱ्या कलमातली गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी अशी आहे. मानसिक आजार ठरवायचा तो मान्य वैद्यकीय निकषांवर, जागतिक आरोग्य संघटनेच्या ताज्या वर्गीकरणाला धरून. एखादी व्यक्ती समाजाच्या रीतीत किंवा श्रद्धेत बसत नाही, एवढ्यावरून तिला मनोरुग्ण ठरवता येत नाही.

२०१९ साली संसदेने तृतीयपंथीयांसाठी वेगळा कायदा केला. शाळेत, नोकरीत, दवाखान्यात भेदभाव करायला त्याने मनाई केली. केवळ या कारणावरून लेकराला आईबापापासून तोडता येणार नाही, असेही त्यात लिहिले. 'सुधारून देतो' म्हणणाऱ्या उपचारांनाही चाप बसला आहे. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ साली अशा उपचारांविरुद्ध आदेश दिला आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

दीन काय सांगतो

आमच्या घरांत खरी गाठ इथे बसते. हदीसमध्ये स्त्रियांची नक्कल करणाऱ्या पुरुषांना आणि पुरुषांची नक्कल करणाऱ्या स्त्रियांना लानत आहे, हे आपण सगळे ऐकून आहोत. त्या आईच्या घरातही हेच ऐकवले जात होते. पण त्या हदीसचा अर्थ लावणारे उलेमा काय म्हणतात, हे फारसे कोणी सांगत नाही. 'सहीह मुस्लिम'चे भाष्यकार इमाम नववी तेराव्या शतकातले. मुखन्नस दोन प्रकारचे, असे त्यांनी लिहिले आहे. एकाचा स्वभाव, बोलणे, हालचाल जन्मापासूनच तशी असते. त्याने ती ओढून आणलेली नसते, म्हणून त्याच्यावर गुन्हा नाही. दुसरा मुद्दाम सोंग घेतो. लानत त्याच्यासाठी आहे. ज्याला लोक 'नखरे' म्हणतात आणि जे नखरे नसते, त्यातला फरक आपल्या बुजुर्गांनी साडेसातशे वर्षांपूर्वी ओळखला होता.

जन्मतः शरीरच दोहोंच्या मधले असेल, तर त्याला फिकहमध्ये 'खुन्सा' म्हणतात. त्याच्यासाठी फिकहच्या किताबांत स्वतंत्र प्रकरण आहे. वारसाहक्कात त्याचा हिस्सा किती, नमाजच्या सफीत त्याने कुठे उभे राहायचे, मयत झाल्यावर गुस्ल कसा, सगळ्याचा विचार झाला आहे. सफ कोणती? पुरुषांच्या मागची आणि स्त्रियांच्या पुढची. म्हणजे मशिदीत जागा आहे आणि बापाच्या मालमत्तेत हिस्सा आहे. घराबाहेर काढा, असे त्यात कुठे नाही.

शेजारच्या बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे यांचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. ते महिला पोलीस म्हणून भरती झाले होते. तपासणीत त्यांच्या शरीरात वाय गुणसूत्र आढळले. परवानगीसाठी त्यांना न्यायालयापर्यंत जावे लागले आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात त्यांची शस्त्रक्रिया झाली. पुढे त्यांनी लग्नही केले. घरात ज्याला खूळ म्हणतात, त्याचे मूळ कधीकधी शरीरात असते आणि ते तपासणीशिवाय कळत नाही.

शरीरात असे काहीच न आढळता मनाची ओळख वेगळी असेल, तर शस्त्रक्रिया जायज आहे का? यावर उलेमांत मतभेद आहेत. इराणमध्ये आयतुल्लाह खोमेनी यांनी १९८० च्या दशकात परवानगीचा फतवा दिला. सुन्नी उलेमांपैकी बहुतेकांना खुन्साचा उपचार मान्य आहे, इतरांचा नाही. हा मसला जाणकार उलेमांचा आहे. आम्ही शिक्षक त्यात बोट घालणार नाही. पण आजार आहे की नाही, हा प्रश्न वैद्यकाचा आहे आणि त्याचे उत्तर मिळाले आहे. राहिली वागणूक. कोणी कोणाची थट्टा करू नये, वाईट नावाने हाक मारू नये, हे सूरह हुजुरातमध्ये स्पष्ट आहे. तिथे मतभेदाला जागा नाही.

आजार नाही, म्हणजे डॉक्टर नको का?

नाही. ही गल्लत करू नये. वेगळी ओळख असणे हा आजार नाही, पण रोज हिणवल्या जाणाऱ्या लेकराला उदासी येते, झोप उडते, जीव नकोसा होतो. त्यावर उपचार हवेत, तेही लवकर. तिथे चांगला मानसोपचारतज्ज्ञ लागतो. तो लेकराला 'बदलायला' नसतो, सांभाळायला असतो. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते.

दुसरीकडे घाईही नको. मुलगा बाहुलीशी खेळला, मुलीने क्रिकेट खेळले, केस कापले, म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरणही सांगते की, केवळ वागण्या-आवडीवरून हे निदान करायचे नाही. लहान मुलांच्या बाबतीत ही भावना साधारण दोन वर्षे टिकून आहे का, तेही पाहायचे असते. आईबापाचे काम ऐकण्याचे आहे. शिक्का मारण्याची घाई कोणत्याच बाजूने करू नये.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद स्त्री-पुरुषांपलीकडच्या 'इतर' रकान्यात झाली. हे सगळे कोणाच्या ना कोणाच्या घरात जन्मलेले आहेत. आपल्याच जिल्ह्यात श्रीरामपूरला राहून दिशा पिंकी शेख कविता लिहितात, चळवळीत काम करतात. 'कुरूप' हा त्यांचा कवितासंग्रह. २०१९ साली एका राजकीय पक्षाने त्यांना प्रवक्तेपद दिले. सोलापूर जिल्ह्यात तरंगफळ गावाने २०१७ मध्ये ज्ञानदेव कांबळे यांना सरपंच म्हणून निवडून दिले. ते तृतीयपंथी आहेत, हे माहीत असूनच गावाने मत दिले. पक्ष आणि राजकारण बाजूला ठेवू. संधी मिळाली तर ही माणसे काय करू शकतात, एवढेच यातून घ्यावे.

त्या आईला आम्ही हे सगळे एका दिवसात सांगितले नाही. पहिल्या दिवशी एवढेच म्हणालो, "बहन, हा आजार नाही. आणि तुमचा गुन्हाही नाही." ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "म्हणजे औषध नाही." आम्ही म्हणालो, "औषध आहे. पण ते लेकराला द्यायचे नाही, आपण सगळ्यांनी घ्यायचे आहे."

झोपेच्या गोळ्या दुसऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद झाल्या. वर्गात नावे ठेवणाऱ्या मुलांना आम्ही मारले नाही. त्यांच्याशी बोललो आणि तालमीतली आमची गोष्ट त्यांना सांगितली. शिक्षकानेच आपली चूक कबूल केल्यावर मुले गप्प बसली. अब्बांना दोनदा भेटलो. पहिल्या वेळी ते चहा न घेता उठून गेले. दुसऱ्या वेळी चहा घेतला, बोलले नाहीत.

वार्षिक निकालाच्या दिवशी ते आले. फाटकाबाहेर मोटारसायकलवरच बसून राहिले, आत आले नाहीत. लेकरू प्रगतिपुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी ते उघडले, दोन्ही पाने वाचली, खिशातला पेन काढून सही केली. मग मागे सरकून बसायला जागा केली आणि दोघे घरी गेले.