मधुमेह आणि पायांची संवेदना

मधुमेहाचा विषय निघाला की लोक डोळ्यांविषयी विचारतात, मूत्रपिंडाविषयी विचारतात. पायांविषयी क्वचितच कोणी विचारतो. पाय तक्रार करीत नाहीत हे त्याचे कारण, आणि आम्हांला चिंता वाटते ती नेमकी याचीच.

प्रौढ वयात बहुधा जडणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात मज्जातंतू हळूहळू निकामी होतात. शरीरातील सर्वांत लांब तंतू कमरेपासून पायांच्या बोटांपर्यंत गेलेले. दुखणे प्रथम त्यांची टोके धरते. कोणाला मुंग्या येतात, कोणाच्या तळपायांची रात्री आग होते. पुष्कळांना मात्र यांतले काहीच होत नाही. पाय नुसता बधिर होत जातो.

धोका कोणाला अधिक? पहिली गोष्ट काळाची. बेल्जियममधील डॉ. पिरार यांनी १९४७ ते १९७३ या काळात सुमारे ४,४०० मधुमेही तपासले. निदानाच्या वेळी शेकडा सात-आठ जणांत हा विकार होता. पंचवीस वर्षांनी तो निम्म्या लोकांत दिसला. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह निदानापूर्वी कित्येक वर्षे अंगात मुरलेला असू शकतो, म्हणून पाय पहिल्याच दिवशी तपासून घ्यावेत.

चढती साखर हे मोठे कारण खरेच. पण ती आटोक्यात आली की सारे झाले, हा समज बरोबर नव्हे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखरेवरील ताबा मज्जातंतूंना चांगलाच वाचवतो. दुसऱ्या प्रकारात हा लाभ बेताचाच दिसतो. येथे वाढलेले वजन, रक्तातील चरबी, रक्तदाब आणि धूम्रपान यांचाही वाटा असतो. उंच माणसाला धोका थोडा जास्त, कारण त्याचे तंतूच लांब. उंचीला इलाज नाही, विडीला आहे.

आणखी एक गोष्ट. मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने काहींच्या रक्तातील ब-१२ जीवनसत्त्व घटते, आणि त्याच्या अभावानेही पाय बधिर होतात. शाकाहारी मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. गोळी परस्पर बंद करू नये. डॉक्टरांना विचारून रक्त तपासावे.

बधिर पायाला चपलेतला खिळा कळत नाही, चैत्रात तापलेली देवळाची फरशी कळत नाही. जखम चिघळते, आणि प्रसंगी पाय कापण्याची वेळ येते. संवेदना तपासण्यास दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा पुरतो. डॉक्टर तो तळव्याला टेकवून पाहतात. ही तपासणी वर्षातून एकदा व्हावी. घरी मात्र रोज रात्री तळवे पाहावेत. वाकवत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा, नाहीतर घरातल्या कोणाला पाहायला सांगावे.