आधी कृती, मग उमेद

नैराश्याने ग्रासलेला माणूस म्हणतो, ‘मन थाऱ्यावर आलं की लागेन कामाला.’ गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये तपासून पाहिलेली एक उपचारपद्धत नेमका हा क्रम उलटवते. तिथे सुरुवात कृतीपासून होते.

त्यामागचं कारण समजून घेऊ. समजा, एका बाईच्या डोक्यावर कर्ज आहे आणि घरात रोज कटकट आहे. मन खचतं. मग ती भजनी मंडळात जाणं टाळते, बहिणीचा फोन घेत नाही, दुपारभर पडून राहते. टाळल्यामुळे त्या घटकेला सुटल्यासारखं वाटतं, म्हणून ती पुन्हा टाळते. पण ज्या गोष्टींतून समाधान आणि माणसांची सोबत मिळत होती, त्याच आटतात आणि मन आणखी खचतं. पीटर लेविनसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात नैराश्याची उकल अशी केली. पुढे १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की विचार बदलण्याच्या संपूर्ण उपचाराने जितका गुण येतो, जवळपास तितकाच त्यातल्या फक्त कृतीच्या भागाने येतो.

हा भाग साधा असल्याने तो तज्ज्ञ नसलेल्यांनाही शिकवता येईल, असा विचार डॉ. विक्रम पटेल आणि गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेने केला. मानसोपचाराचं कोणतंही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना त्यांनी समुपदेशक म्हणून तयार केलं.

उपचार असा चालतो. आधी नऊ प्रश्नांची चाचणी होते. गेल्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, थकवा, उदासी, जीव नकोसा होणं यांबद्दल विचारून प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण देतात. मग साधारण आठवड्याला एक, अशा सहा ते आठ भेटी, केंद्रात किंवा घरी. पहिल्या भेटींत समुपदेशक ऐकून घेतो आणि कृती व मन यांचं नातं त्या माणसाच्याच दिनक्रमातून उलगडून दाखवतो. मधल्या भेटींत लहान, ठरलेल्या वेळेची कामं आखली जातात. ‘भजनाला जा’ एवढं सांगून भागत नाही. कोणत्या वारी, कोणाबरोबर, आणि त्या वेळी स्वयंपाक कोण पाहील, हेही ठरतं. बेत फसला तर दोष न देता अडचण शोधतात. कर्जासारख्या प्रश्नाचे तुकडे करून पहिली पायरी निवडतात, मदत कोणाकडे मागायची ते ठरवतात. शेवटच्या भेटींत त्रास परत डोकावला तर काय करायचं, याची तयारी होते.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, या उपचाराच्या चाचणीत दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतले, तीव्र स्वरूपाचं नैराश्य असलेले ४९५ प्रौढ होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. नेहमीचे उपचार दोन्ही गटांना मिळाले, एका गटाला त्याशिवाय हे समुपदेशन. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. वर्षानंतरही फायदा टिकून होता.

या यशामागे शिस्त आहे. समुपदेशकांना आधी प्रशिक्षण मिळतं, मग त्यांच्या भेटींचं ध्वनिमुद्रण ऐकून सहकारी एकमेकांचं काम तपासतात. आत्महत्येचा धोका असेल किंवा वास्तवाचं भान सुटलं असेल, तर रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञाकडेच न्यायला हवं. आणि ही पद्धत कर्ज फेडत नाही की घरातली मारहाण थांबवण्याची हमी देत नाही. त्यांच्याशी झुंजायचं बळ मात्र परत मिळवून देते.

घरातलं कोणी असं मिटून बसलं असेल, तर ‘मन रमव’ एवढं सांगून थांबू नका. एक छोटं काम ठरवा, वेळ ठरवा आणि सोबत जा. दोन आठवड्यांहून अधिक काळ त्रास टिकला, तर डॉक्टरांना भेटा. सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते.