रक्त अडते तेव्हा ऊती कशी मरते?

हृदयाकडून रक्त वाहून नेणारी वाहिनी, म्हणजे रोहिणी, गुठळीने बंद झाली, की केवळ तिच्यावर विसंबलेल्या पेशीसमूहाचा, म्हणजे ऊतीचा, तेवढा भाग मरतो; वैद्यकात त्याला अभिकोथ म्हणतात, आणि हृदयविकाराचे बहुसंख्य झटके व पक्षाघाताचे बहुतेक प्रकार यातूनच घडतात. अशी गुठळी जागच्या जागी धरते किंवा दूर कोठे तयार होऊन रक्तासोबत वाहत येऊन अडकते, हे रूडोल्फ फिरखो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १९व्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले.

प्राणवायू थांबला, की पेशीतील ऊर्जा झपाट्याने संपते. ऊर्जेवाचून सोडियम बाहेर टाकता येत नसल्याने त्याच्यामागोमाग पाणी आत शिरून पेशी फुगते, दुग्धाम्ल साचते, आणि शेवटी कॅल्शियमचा लोंढा आत आल्यावर पेशीपटल फाटते. पटल फाटेपर्यंतची हानी बरीचशी भरून निघू शकते, फाटल्यावर मात्र नाही. हृदयस्नायूतील ट्रोपोनिन हे प्रथिन त्याच वेळी रक्तात झिरपते, म्हणूनच ते तपासून झटक्याचे निदान होते.

हा मृत्यू एका क्षणात होत नाही. १९७७ मध्ये रायमर आणि जेनिंग्ज या संशोधकांनी कुत्र्यांच्या हृदयाची रोहिणी ठरावीक वेळ बांधून ठेवली, तेव्हा ४० मिनिटांत केवळ आतला थर मेला होता आणि पुढच्या काही तासांत मृत्यू लाटेसारखा बाहेरच्या थराकडे सरकत गेला. आजच्या तातडीच्या उपचारांचा मोठा आधार या निरीक्षणात आहे, कारण लाट पुढे जाण्याआधी रोहिणी उघडली, तर बाहेरचा स्नायू वाचतो.

अवयवागणिक फरक पडतो. फुप्फुस व यकृत यांना दोन मार्गांनी रक्त मिळत असल्याने ते बरेचदा तग धरतात, मूत्रपिंड व प्लीहा यांच्यात मात्र पाचरीच्या आकाराचा भाग फिका पडून मरतो. मेंदू सर्वांत हळवा असून रक्त पूर्ण तुटल्यास काही मिनिटांतच त्याच्या पेशी मरतात व ती ऊती पुढे द्रवरूप होते. तरी मेलेल्या ऊतीच्या कडेच्या भागाला थोडे रक्त मिळत राहते, आणि तोच वाचवण्यासाठी गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते.

म्हणून छातीत दडपण येणे, तोंड वाकडे होणे, एका अंगाची शक्ती जाणे किंवा बोलणे अडखळणे असे काही अचानक घडल्यास आम्लपित्त वा थकवा समजून थांबू नये. महाराष्ट्रात १०८ वर दूरध्वनी करून तत्काळ रुग्णालय गाठावे.